मागच्या सीटवरची मडी

गाडी घ्यायची ठरली तेव्हाच मी सांगितलं होतं, जरा मोठी घ्या. आमचे हे म्हणाले, "आपण दोघं आणि अम्मा. एवढ्यांना काय रथ लागतो का?" शोरूममध्ये त्यांनी मागच्या सीटवर बसून पाहिलं. डोकं छताला टेकलेलं, गुडघे पुढच्या सीटच्या पाठीत रुतलेले, आणि तोंडानं म्हणतायत, "ऐसपैस आहे की." विकणारा मनुष्य मान डोलावत होता. कुंभकोणमच्या देवळांभोवतीच्या गल्ल्यांतून हीच गाडी जाईल, मोठी अडकेल, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आणि खोटं नसलेल्या म्हणण्याशी भांडता येत नाही याची मला भारी चीड येते.

गाडी आली आणि आम्ही तिच्यात मावायला शिकलो. एसीचा वारा पुढच्या दोघांपुरता, मागं पोचेपर्यंत त्याचा जीव जातो. मागच्या काचा हातानं फिरवायच्या. इंजिन उभ्या गाडीतही असं थरथरतं की कुठं ना कुठं काहीतरी खुळखुळत राहतं. सुरुवातीला मी ते शोधत बसायची, मग नाद सोडला. चालवते मीच, कारण यांना मागून हॉर्न वाजला की घाम फुटतो.

यंदाच्या अप्पांच्या श्राद्धापर्यंत त्या गाडीवरून आमच्यात नुसती चेष्टाच चालायची. अप्पा म्हणजे माझे सासरे, आणि अम्मा म्हणजे सासूबाई. आमच्याकडच्या मराठी घरांत सासूला अम्माच म्हणतात. पुण्याहून कुणी नातेवाईक आले की आमचं मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात, आणि सोवळ्याला आम्ही मडी म्हणतो हे ऐकलं की उघड हसतात. हसोत बापडे. अम्मांची मडी हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, हे मी या घरात आल्याच्या पहिल्याच वर्षी शिकले.

श्राद्धाच्या दिवशी अम्मा पहाटे आंघोळ करून उंच काठीवर वाळत घातलेलं लुगडं स्वतःच काढून नेसतात. त्यानंतर मडीत नसलेल्या माणसानं त्यांना शिवायचं नाही. स्वयंपाक एकट्यानं करायचा. थुंकी उडू नये म्हणून करताना बोलायचं नाही, आणि चव तर बघायचीच नाही. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत अम्मा पोटात अन्नाचा कण घालत नाहीत आणि तोंडातून शब्द काढत नाहीत. काही सांगायचं असलं की पळीनं भांड्याच्या झाकणावर टकटक करतात. त्या टकटकीत रागावणं, बोलावणं, नको म्हणणं, सगळं असतं. इतक्या वर्षांत मला ती पाठ झाली होती.

दरवर्षी गुरुजी तिरुनीलक्कुडीहून आमच्या घरी येत. यंदा ते अंगणात घसरून पडले आणि मांडीपासून घोट्यापर्यंत पाय प्लास्टरमध्ये गेला. फोनवर म्हणाले, "गाडी घेऊन या, मी खुर्चीवर बसून मंत्र म्हणतो. तोंडाला काही झालेलं नाही." मग आम्ही एक फेरी मारून बघितली, ऐन दिवशी घोळ नको म्हणून. पुढची सीट होती नव्हती तेवढी मागं ढकलली. पाय आत जाईना. मागच्या सीटवर आडवं घालून बघितलं, तर प्लास्टर दाराला अडे आणि गुरुजींचं डोकं पलीकडच्या काचेला. शेवटी गुरुजी गाडीच्या टपाला धरून उन्हात एका पायावर उभे राहिले आणि पोट धरून हसायला लागले. मी यांच्याकडे बघितलं. म्हटलं, "ऐसपैस आहे की."

तर ठरलं असं, की श्राद्ध गुरुजींच्या घरी करायचं. त्यांची सून स्वयंपाक करायला तयार होती, पण अम्मांनी मान हलवली. "माझे हात चालतायत तोवर तुमच्या अप्पांना माझ्याच हातचं." म्हणजे पहाटे आमच्या चुलीवर रांधायचं आणि मडी न मोडता सगळं तिरुनीलक्कुडीला न्यायचं. मी म्हटलं, त्या दिवसापुरती भाड्यानं मोठी गाडी बघू. अम्मा म्हणाल्या, "लोकांची गाडी? तीत कुणी काय काय खाल्लं असेल." पुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

आदल्या दिवशी यांनी गाडी आतून रिकामी केली. उष्ट्याखरकट्याचा संशय असलेलं जे जे होतं ते बाहेर काढलं, मॅट धुतले, सीटवर हळदीचं पाणी शिंपडलं. मी बिस्किटांचा चुरा कित्येक महिने झाडला नव्हता, त्यावरून मला बोलूनही घेतलं. गाडी नवी असताना होती तशी दिसायला लागली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

श्राद्धाच्या सकाळी मी फळीवरचा डबा काढायला गेले तर अम्मांच्या साखरेच्या गोळ्यांची पट्टी दिसली. तीतली एक गोळी नुकतीच काढलेली होती. अम्मा चुलीपाशी वडे तळत होत्या. मी उंबऱ्याच्या बाहेरून विचारलं, "अम्मा, गोळी घेतलीत?" त्यांनी मान डोलावली आणि हातानं डोक्यावर तांब्या ओतल्यासारखं केलं. म्हणजे आंघोळीच्या आधी घेतली, मडीला बाध नाही. गोळी चुकवायची नाही हे डॉक्टरांचं अर्धं वाक्य त्यांनी पक्कं धरलं होतं. उरलेलं अर्धं वाक्य डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ही गोळी घेऊन पोटात काही गेलं नाही, तर साखर उतरते, आणि उतरली की माणूस बघता बघता हातचा जातो.

"थोडं दूध तरी घ्या," मी म्हटलं. अम्मांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी चपला घालून चुलीवर उभी आहे. पळी झाकणावर आपटली.

मी यांना गाठलं. हे आंघोळ करून, पंचा नेसून, उपरणं घेऊन उभे होते. श्राद्ध करणारे म्हणून तेही मडीत, तेही उपाशी. मी गोळीचं सांगितलं तर चेहरा उतरला, पण म्हणाले काय, "लवकर निघू. गुरुजींना सांगतो आटपतं घ्या म्हणून. ती खाणार नाही, तुला माहीत आहे." मला माहीत होतं. म्हणून तर डोकं फिरत होतं. त्यांच्या आईचा जीव, आणि हे मला वेळापत्रक सांगत होते.

मग गाडी भरायला घेतली. अम्मांसाठी मागच्या सीटवर डावीकडं धाबळी अंथरली, लोकरीला विटाळ लागत नाही म्हणून. यांच्यासाठी पुढं डावीकडं दुसरी धाबळी. उरलेल्या मागच्या सीटवर, अम्मांच्या उजव्या हाताला, खिरीचं पितळेचं मोठं पातेलं, त्याच्या पलीकडं भाताचं. माझ्या सीटमागच्या पायाच्या जागेत वड्यांची टोपली, भाज्या, मिऱ्यांच्या साराचा डबा. ते सगळं बसावं म्हणून माझी सीट इतकी पुढं ओढली की स्टिअरिंग पोटात घुसत होतं. अम्मांचे पाय मावावेत म्हणून यांचीही सीट पुढं. हे गुडघे डॅशबोर्डला लावून, हात छातीशी घेऊन बसले. सीटचा पट्टा दोघांनीही लावला नाही. त्या पट्ट्याला किती जणांचे हात लागलेले. मी म्हटलं, "मग मी गोगलगायीसारखी नेणार." हे म्हणाले, "ने. पण लवकर."

मी मडीत नव्हते. स्टिअरिंग धरणारा माणूस मडीत राहू शकत नाही, हे सर्वांना मान्य होतं. त्यामुळं त्या एवढ्याशा डब्यात मी तेवढी विटाळाची. गिअर बदलताना माझं कोपर मागं जाऊन खिरीच्या पातेल्याला लागू नये, म्हणून मी हात अंगाशी घट्ट धरून गाडी चालवत होते. यांच्या उपरण्याचं टोक गिअरकडं आलं की हे ते झटकन ओढून घेत. एसी लावायचा नाही, वडे नरम पडतात. घामानं माझी पाठ सीटला चिकटली होती.

आरशात अम्मांचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होतं ते पातेल्याचं झाकण, त्यावर धरलेली पळी आणि मागं पांढऱ्या केसांचा एक पट्टा. मी दर वळणावर त्या पळीकडं बघत होते.

मुहूर्ताचा दिवस होता. गावातल्या प्रत्येक मंगल कार्यालयासमोर केळीचे खांब आणि आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या. एका ठिकाणी नादस्वरवाले रस्ता ओलांडत होते, त्यांच्यामागं वरमाई, वरमाईमागं तिची ताटं. मी ब्रेक दाबला की मागून टक्. जरा जोरात दाबला की टक् टक्. म्हणजे, खीर हिंदकळतेय, नीट चालव. मला राग येत होता आणि बरंही वाटत होतं. पळी बोलतेय तोवर अम्मा ठीक आहेत.

गावाबाहेर पडल्यावर दोन्हीकडं शेतं लागली. मी विचारलं, "अम्मा, बरं वाटतंय ना?" एक टक्. हे म्हणाले, "तिला कशाला बोलायला लावतेस? मौनात आहे ती."

"पळीला कसलं मौन?" मी म्हटलं.

पुढं रस्ता अरुंद झाला. समोरून बस अंगावर आली तशी मी गाडी डावीकडं घेतली, अगदी कालव्याच्या कठड्याला खेटून. बस गेली, आणि बघते तर पुढं रेल्वेचं फाटक पडलेलं. माझ्यापुढं ट्रॉलीवर चढवलेलं भाताच्या कापणीचं यंत्र. मागं सिमेंटची लॉरी येऊन चिकटली. ना पुढं सरकता येत होतं ना मागं. डावीकडच्या दोन्ही दारांना कठडा लागलेला. मी म्हटलं, "तुमच्या बाजूची दारं उघडणार नाहीत." हे म्हणाले, "उघडायचीयत कुणाला?"

गाडी उभी राहिली तशी आतली हवा तापायला लागली. मागं झाकण वाजायला लागलं. टकटक नाही, बारीक खुळखुळ, न थांबता. मी म्हटलं, "अम्मा, फाटक पडलंय, मी काय करू?" खुळखुळ चालूच. हे वळून न बघता म्हणाले, "ती कुठं काय म्हणतेय. गाडी थरथरतेय तुझी. इंजिन बंद कर, झाकण वाजतंय."

मी इंजिन बंद केलं.

झाकण वाजतच होतं.

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. त्या क्षणी यांचा चेहरा जो झाला तो मी जन्मात विसरणार नाही. गाडी थांबली होती आणि अम्मांचा हात थरथरत होता. गावातून निघाल्यापासून केव्हातरी टकटक संपून ही थरथर सुरू झाली होती, आणि मी तिला बोलणी समजत होते, हे गाडीचा दोष समजत होते. बाई गप्प आहे म्हणजे मडी पाळतेय. आमच्या घरात दुसरं काही कुणाच्या मनातच येत नाही.

हे सीटवर वळले, पण गुडघे डॅशबोर्डखाली अडकलेले, अंग अर्धंच वळलं. "अम्मा," त्यांनी हाक मारली. "अम्मा, इकडं बघ." मी माझं दार उघडून बाहेर पडले आणि मागचं उजवं दार उघडलं. अम्मांची मान खिडकीकडं कलली होती. लुगडं घामानं भिजलेलं. डोळे उघडे होते, पण माझ्याकडं बघत नव्हते. हातातली पळी तेवढी घट्ट.

त्यांच्यापर्यंत पोचायला एकच वाट होती, ती भांड्यांवरून. मी भाताच्या पातेल्याला हात घातला.

"थांब, शिवू नकोस," हे म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी यांना कधी शिवी दिली नव्हती. त्या दिवशी तमिळमधून दिली, आणि तीही लॉरीवाल्यांच्या तोंडची. मराठीत तेवढी जळजळीत आमच्याकडं शिल्लक राहिलेली नाही. भात उचलून डांबरावर ठेवला. वड्यांची टोपली ठेवली. ती कलंडली आणि वडे घरंगळत कापणीयंत्राच्या चाकाखाली गेले. साराचा डबा ठेवला. मग खिरीचं पातेलं जरा पुढं सारून मी गुडघ्यावर आत शिरले. डोकं छताला आपटलं, एक पाय दाराबाहेर. त्या गाडीत तेवढीच जागा होती. अम्मांच्या कपाळाला हात लावला तर बर्फ.

"ग्लुकोज," मी म्हटलं. "पुढच्या खणात पुडा आहे. द्या लवकर."

यांनी खण उघडला. खण स्वच्छ पुसलेला, रिकामा, हळदीचा वास येणारा. माझ्या गोळ्या, बिस्किटं, अम्मांचा ग्लुकोजचा पुडा, सगळं पिशवीत भरून घरी खुंटीला टांगलेलं होतं. हे त्या रिकाम्या खणाकडं बघत राहिले. मला त्यांना मारावंसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांची कीवही आली. दोन्ही बाजूंना नुसती शेतं. दुकान नाही, घर नाही, फाटकवाल्याची खोली पार पलीकडं.

आणि माझ्या मांडीला टेकलेलं खिरीचं कोमट पातेलं.

हात धुतलेला नव्हता. स्टिअरिंगचा, दाराचा, रस्त्याचा हात. पळी अम्मांच्या मुठीतून सुटेना, म्हणून मी तसाच हात खिरीत घातला. यांच्या तोंडून काही आवाज आला, पण या वेळी त्यांनी थांब म्हटलं नाही. मी ओंजळभर खीर अम्मांच्या ओठांशी नेली.

अम्मांनी दात आवळले.

डोळ्यांत ओळख नव्हती, मान धरत नव्हती, पण वेलदोड्याचा वास त्यांना कळला असणार. आज पहाटे स्वतःच्या हातांनी घोटलेली, न चाखलेली, अप्पांसाठीची खीर. ती आधी त्यांना जायची. मी हिरड्यांना लावायला बघितली तर त्यांनी तोंड फिरवलं. ओठांवरून खीर हनुवटीवर, लुगड्यावर ओघळली. "अम्मा, गिळा," मी म्हणत होते. "अम्मा, पाया पडते, थोडी गिळा." दात उघडेनात. मी बोटानं गाल ओढला तर जबडा असा घट्ट, की एवढीशी बाई एवढा जोर कुठून आणते मला समजेना. फाटकाकडून रेल्वेची शिटी ऐकू यायला लागली होती. अम्मांच्या हातातली थरथर कमी होत चालली होती, आणि ते चांगलं लक्षण नव्हतं.

तेव्हा यांनी दोन सीटांच्या मधल्या फटीत आपलं अंग घातलं. कसं घातलं देव जाणे, त्या फटीत एरवी माझी पर्सही मावत नाही. खांदा इकडं, मान तिकडं, उपरणं हँडब्रेकमध्ये अडकून फाटलं. तोंड अम्मांच्या कानाशी नेलं आणि म्हणाले, "अम्मा, झालं. ब्राह्मण जेवून उठले."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. हा मनुष्य फोनवर 'घरी नाही' एवढं खोटं सांगायलाही मला पुढं करतो, इतकं त्याला खोट्याचं वावडं.

"तृप्त झालात का म्हणून विचारलं मी," हे हळू आवाजात सांगत होते. "तृप्त झालो म्हणाले. अप्पा जेवले, अम्मा. हात धुतले. आता तुझं पान वाढलंय. तू जेव."

अम्मांच्या कपाळावर एक आठी पडली आणि गेली. दातांतली पकड सुटली. मी बोटं आत घातली. पहिली खीर तशीच जिभेवर पडून राहिली. मग घशाची हालचाल झाली. मी पुन्हा भरवली. पुन्हा. पुढं फाटकातून रेल्वे धडधडत गेली, आमची गाडी तिच्या हादऱ्यानं हलली, आणि हे तसेच फटीत अडकून सांगत होते, "जेव अम्मा. सावकाश. घाई नाही आता."

फाटक उघडलं. कापणीचं यंत्र वडे चिरडत निघून गेलं. मागून लॉरीनं हॉर्न लावला. मी मान वर केली नाही. थोड्या वेळानं ड्रायव्हर स्वतः उतरून बघायला आला, दारातून आत डोकावला, आणि काही न बोलता मागच्या गाड्यांना हातानं बाजूनं काढून द्यायला लागला. भाताचं पातेलंही त्यानं रस्त्यावरून उचलून कठड्यावर ठेवलं.

खीर अर्ध्यावर आली तेव्हा अम्मांच्या मुठीतून पळी सुटून खाली पडली. हाताला हळूहळू ऊब यायला लागली. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही. हे फटीतून मागं सरकले, गुरुजींना फोन लावला. पलीकडून गुरुजी म्हणालेलं मलाही ऐकू आलं: "आधी डॉक्टर. तांदूळ, डाळ नुसती कोरडी दिली तरी चालते, शास्त्रात आहे. अरे, आधी आईला बघ."

मग गाडी चालवायला माणूस हवा, आणि मी तर मागं रुतलेली. हे गिअरवरून ढांगा टाकत, पंचा सावरत, माझ्या सीटवर गेले. इतक्या पुढं ओढलेल्या सीटवर त्यांचं पोट स्टिअरिंगला दाबलं. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. त्यांची मडी तिथं संपली. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

अम्मांनी डोळे फिरवले. आता ते खरेच बघत होते. माझ्या खिरीनं माखलेल्या हाताकडं बघितलं. अर्ध्या पातेल्याकडं. उघड्या दारातून डांबरावर राहिलेल्या साराच्या डब्याकडं. खिडकीबाहेर कठडा, त्यापलीकडं शेत. तिरुनीलक्कुडी नाही, गुरुजींचं घर नाही, पानं नाहीत. सगळं त्यांच्या ध्यानात आलं, मला दिसलं. आता बाई आमच्याशी जन्मभर बोलणार नाही, असं मला वाटलं. मी त्यांना न लागता बसायला बघत होते, पण सरकायला जागाच नव्हती.

"ब्राह्मण उठले म्हणालास?" अम्मांनी विचारलं. पहाटेपासूनचा पहिला शब्द, आवाज घोगरा.

हे पुढं बघत बसले होते. मानेची शीर दिसत होती मला. मला वाटलं, आता हे खरं सांगणार. सांगितल्याशिवाय त्यांना राहवणार नाही.

"उठले, अम्मा," हे म्हणाले.

"तृप्त होऊन?"

"तृप्त होऊन."

अम्मांनी हनुवटीवरची खीर पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "मग माझी मडी सुटली." आणि माझ्याकडं वळून, "अशी अंग चोरून काय बसलीस? टेकू दे मला."

त्यांनी आपलं डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. मी खरकट्या हातानंच त्यांना धरलं, दुसऱ्या हातानं दार ओढून घेतलं, आणि यांना म्हणाले, सावकाश चालवा.